नवीन शिक्षकांसाठीचा वर्षभराचा ऑनलाईन ट्रेनिंग प्रोग्राम: मेंटॉर भारी, व्हिडिओ कंटाळवाणे

शाळेत नवीन लागलेल्या दोघांसाठी हा प्रोग्राम घेतला होता, वर्ष संपलं म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही कारण तक्रारीपण आहेत.

आधी चांगलं. नवीन शिक्षकाने आपल्या तासाचं रेकॉर्डिंग पाठवायचं (रीतसर परवानगी घेऊनच, हे ते स्वतः बजावतात) आणि मेंटॉर ते बघून फोनवर बोलतात. मला वाटलेलं 'छान शिकवता, आवाज जरा मोठा ठेवा' छाप काहीतरी येईल. पण मेंटॉर मॅडमनी आमच्या विज्ञानवाल्या सरांना नुसता एक कागद पाठवला, एका बाजूला सर काय बोलले ते जसंच्या तसं आणि दुसऱ्या बाजूला मुलं काय बोलली ते. मुलांची बाजू जवळपास कोरी, अधूनमधून फक्त 'होऽऽ'. कारण प्रश्न एकच, 'समजलं का?', आता त्याला कुठलं पोरगं नाही म्हणणार! त्यावर लेक्चर नाही दिलं, एकच काम दिलं, की खरा प्रश्न विचारा, मनात तीन आकडे मोजा आणि मगच कुणाचंतरी नाव घ्या. यामागे मेरी बड रो यांचं १९७० च्या दशकातलं संशोधन आहे, शिक्षक प्रश्न विचारून साधारण सेकंदभरच थांबतात आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी मुलंपण बोलायला लागतात. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तो कागद बऱ्यापैकी भरला, मी स्वतः बघितलाय.

व्हिडिओंचं मात्र विचारू नका. ब्लूम, पियाजे, वायगॉट्स्की यांच्या शिकण्याविषयीच्या थिअऱ्या, म्हणजे जे डिग्रीला पाठ करून झालंय तेच परत, खाली क्विझ आणि वर बॅज. दोघंही वह्या तपासत तपासत डबल स्पीडवर लावून ठेवायचे, आणि मी काही बोलले नाही.

खरी अडचण वेळेची, आणि ती विकताना कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नवीन शिक्षकाचं इंडक्शन (नोकरीच्या सुरुवातीचं प्रशिक्षण) दोन वर्षांचं केलंय, पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के तास कमी मिळतात (कामाच्या ओझ्याची ओरड तिथेही आहेच म्हणा). इथे सगळं शाळेवर सोडलेलं. टाईमटेबल माझ्याकडे असल्याने मी दोघांना आठवड्यात एक ऑफ तास काढून दिला आणि त्यात बदली तास लावायचा नाही असं सांगून ठेवलं, नाहीतर मेंटॉरचा फोन रात्री जेवताना आला असता.

अजून एक, वर्षाच्या मध्यात विज्ञानवाल्या सरांचा मेंटॉर न सांगता बदलला आणि भाषेच्या मॅडम आल्या. मेल केला तर 'नोंद घेतली आहे', बास. त्यामुळे घेण्याआधी आपल्याच विषयाचा मेंटॉर शेवटपर्यंत राहणार का ते लेखी घ्या, आणि फक्त मेंटॉरचं पॅकेज वेगळं मिळत असेल तर तेच घ्या. साडेतीन स्टार.