धम्मगिरीचे दहा दिवसांचे शिबिर : संयमाच्या कसोटीवर

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातील विपश्यना शिबिर करून आलेल्या माणसाला बहुतेक जण ‘मन शांत झाले का’ असे विचारतात. मला या शिबिराचा विचार एका मर्यादित प्रश्नापुरताच करायचा आहे : राग, अवेळी खाणे, हातातून न सुटणारा मोबाइल अशा रोजच्या ओढींवर ताबा मिळवू पाहणाऱ्याला त्याचा उपयोग कितपत होतो?

दिनचर्या कडक आहे. पहाटे 4 वाजता घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवले जातात. मोबाइल, पुस्तके, लेखनसाहित्य सारे आधीच जमा केलेले असते. साधकांनी आपसांत बोलायचे नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत. 11 वाजताच्या जेवणानंतर नव्या साधकांना संध्याकाळी 5 वाजता चहा आणि फळ एवढेच मिळते, पूर्वी असे शिबिर केलेल्या जुन्या साधकांना केवळ लिंबूपाणी. या चौकटीत मोबाइलची आठवण लवकरच पुसट होते. मात्र त्याचे श्रेय स्वतःच्या संयमाला देऊ नये, कारण जी वस्तू कपाटात कुलूपबंद आहे तिच्यासमोर मनाची परीक्षा होतच नाही.

खरी परीक्षा ‘अधिष्ठाना’च्या, म्हणजे न हलता बसण्याच्या निश्चयाच्या, बैठकीत होते. पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष द्यायचे, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणे, शिकवली जाते, आणि त्यानंतर रोज तीन वेळा तासभर डोळे न उघडता, हात-पाय शक्यतो न हलवता बसायचे असते. नाकाच्या शेंड्याला खाज सुटते, गुडघा ठणकू लागतो. एरवी हात केव्हाच तिकडे गेला असता. येथे ती संवेदना वाढताना, टिपेला जाताना आणि पुष्कळदा कोणीही काही न करता ओसरताना पाहावी लागते. ओढ निर्माण होणे आणि तिच्यामागे जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे पुस्तकात वाचून पटते, पण अंगात मुरते ते या तासाभरात. रागही आधी शरीरातच जाणवतो : छाती धडधडते, कान तापतात. ती खूण ओळखता आली, तर तोंडातून शब्द बाहेर पडण्यापूर्वी क्षणभराची सवड मिळते. दातओठ खाऊन भावना दाबण्यास येथे कोणी सांगत नाही. ती दाबायची नाही आणि तिच्यासोबत वाहवायचेही नाही, असा या शिकवणीचा आग्रह आहे, आणि माझ्या मते शिबिराची सर्वांत मोलाची बाजू हीच आहे.

सूचना आणि संध्याकाळची प्रवचने ही साधना शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोयंका (1924–2013) यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे असतात. म्यानमारमधील हे उद्योजक स्वतः अर्धशिशीने बेजार होऊन या मार्गाकडे वळले होते, आणि निव्वळ डोकेदुखीच्या उपचारासाठी येणाऱ्याला घेण्यास त्यांच्या गुरूंनी, ऊ बा खिन यांनी, आधी नकार दिला होता. प्रवचने मिश्कील आणि रसाळ आहेत. त्यांतील पूर्वजन्मीच्या संस्कारांची मांडणी न पटणाऱ्यालाही हा अभ्यास पूर्णपणे करता येतो.

उणीव शिबिरात कमी आणि त्यानंतरच्या अपेक्षेत अधिक आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे सांगितले जाते. लोकलने नोकरीला जाणाऱ्या, घरी लहान मुले असणाऱ्या माणसाला हे झेपणे कठीण असते, आणि बैठक सुटली की मिळालेली सवडही हळूहळू आक्रसते. ज्याला एकच सवय मोडायची आहे, त्याने आधी फराळाचे डबे नजरेआड ठेवणे, मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे असे स्वस्तातले उपाय करून पाहावेत.

निवास, भोजन आणि शिकवणीचे शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या देणगीवरच केंद्र चालते. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांसाठी हे शिबिर नाही, त्यामुळे अर्जातील आरोग्यविषयक माहिती प्रामाणिकपणे भरावी. येण्याचा आणि सुटण्याचा दिवस धरून रजा बारा दिवसांची काढावी लागते.