जुनी लक्झरी गाडी: अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन की साधी स्प्रिंग?

मर्सिडीजने 1999 मध्ये सीएल या दोन दारांच्या कूपेत एबीसी (अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल) हे अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन आणलं. पंप तेलाला प्रचंड दाब देतो, प्रत्येक चाकापाशी हायड्रॉलिक सिलिंडर असतो आणि वळणावर गाडी फारशी झुकतच नाही. एकदा चालवली की साध्या स्प्रिंगची गाडी डुलल्यासारखी वाटते, हे खरंच. पण जुनी घेताना हिशेब बदलतो. पंप, व्हॉल्व्ह, तेलाचा दाब साठवणारे, नायट्रोजन भरलेले अ‍ॅक्युम्युलेटर, होज, यातलं काहीही कधी दगा देईल सांगता येत नाही. गाडी रात्रभर उभी करून सकाळी पाहा. एकच कोपरा खाली बसलेला दिसला, तर बोलणी तिथेच थांबवा.

साध्या स्प्रिंगला वॉरंटी नसली तरी निभावतं. कुठलाही चांगला मेकॅनिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून देतो.

अ‍ॅक्टिव्हवाली हवीच असेल, तर आधी वॉरंटी, मग गाडी. वॉरंटी उत्पादकाची आहे की तिसऱ्याच कंपनीची? सस्पेन्शनचा नावानिशी उल्लेख आहे का? ‘झीज’ म्हणून होज आणि सील वगळलेत का? ‘सगळं कव्हर आहे’ हे विक्रेत्याचं तोंडी आश्वासन धरूच नका. असा कागद हातात पडत नसेल, तर मी साधी स्प्रिंगच घेईन.