गडचिरोली पोलिसांचं मोफत भरतीपूर्व प्रशिक्षण: मैदान भक्कम, गणित घरूनच करून जा

गडचिरोली पोलीस दलाच्या 'दादालोरा खिडकी' या मदत उपक्रमातून पोरांसाठी बरंच काही चालतं. 'एक गाव, एक वाचनालय' आहे, वीर बाबुराव शेडमाके कबड्डी आणि बिरसा मुंडा व्हॉलीबॉल स्पर्धा आहेत, दाखल्यांची कामंही होतात. पण पोमकेत (पोलीस मदत केंद्रात) येणारा पोरगा आधी विचारतो ते पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाचं. राहणं-जेवण फुकट. शहरातली अकॅडमी याच गोष्टींचे हजारो रुपये घेते.

खरा फायदा मैदानाचा. भरतीच्या मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 लांब धावण्याचे, मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800. 100 मीटर आणि गोळाफेकीचे प्रत्येकी 15. मुलांना 1600 मध्ये पैकीच्या पैकी हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे 400 च्या ट्रॅकवर फेरीला साधारण 77 सेकंद. गावाकडच्या पोरांत दम भरपूर असतो, वेगाचा अंदाज नसतो. पहिली फेरी 68 सेकंदांत मारली की तिसरीत पाय उचलत नाहीत. प्रत्येक फेरीची वेळ ओरडून सांगणारा माणूस कडेला असेल तर हा दोष लवकर जातो. एकट्याने रस्त्यावर कितीही पळा, तो जात नाही.

गोळ्याचंही तेच. मुलांचा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. नवखे तो चेंडूसारखा फेकतात. कोपर खाली पडतं, मनगट धरतं आणि गोळा पाच-सहा मीटरवरच बसतो. मानेला टेकवून, पायाचा जोर लावून ढकलायचा असतो. मुलांना पूर्ण गुण 8.50 मीटरला, मुलींना 6 मीटरला. तोल जाऊन वर्तुळाच्या पुढून पाय बाहेर पडला की फाऊल, मग गोळा कितीही लांब गेलेला असो.

पहिल्या आठवड्यात नडग्या दुखतात. अनवाणी किंवा चपलेवर वावरलेला पाय नव्या बुटात एकदम दुप्पट पळवला की हे होणारच. जाण्याआधी दोन आठवडे बूट घालून रोज हळू पळा.

लेखी परीक्षेत मात्र जास्त आशा ठेवू नका. 100 प्रश्न, 90 मिनिटं. महिनाभरात सराव पेपर सुटतात, पण अपूर्णांक कच्चा असलेल्याला शेकडेवारी आणि काळ-काम-वेग तेवढ्यात जमत नाही. ते आधीच उरका. गडचिरोलीच्या अलीकडच्या भरत्यांत गोंडी-माडिया भाषांचा वेगळा पेपरही आला आहे. घरी माडिया बोलणाऱ्यांना तो सोपा, बाकीच्यांनी शब्द पाठ करायला लवकर बसावं.

वाचनालयं चांगली. घरात सात माणसं असताना शांत बसायला जागा मिळणं हेच मोठं. पण चालू घडामोडींची पुस्तकं सहा महिन्यांत शिळी होतात. चार-पाच जणांनी वर्गणी काढून महिन्याचं मासिक लावावं.

भामरागडच्या पोरांनी पावसाळ्यातली तुकडी शक्यतो टाळावी. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की रस्ताच बंद. आणि कागदांचं: जातीच्या दाखल्याला खिडकीत मदत होते, जात वैधता मात्र तपासणी समितीकडून येते आणि वेळ खाते. तो अर्ज भरतीची जाहिरात निघायची वाट न बघता टाकून ठेवा.