एरर मेसेज लिहायचा कोणासाठी: वापरणाऱ्यासाठी की सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी?

टीममधल्या एका नव्या सहकाऱ्याचा प्रश्न: फॉर्म सेव्ह झाला नाही तर मेसेज साधा ठेवू की सविस्तर? साधा ठेवला तर ॲडमिनला काही कळत नाही, सविस्तर लिहिला तर वापरणारा घाबरतो.

आधी तपशिलाचं बघू. वापरणाऱ्याला हवं असतं एवढंच: भरलेलं राहिलं का, पैसे कापले गेले का, आता काय करू. ॲडमिनला वेळ, सर्व्हर आणि मूळ एरर जशीच्या तशी लागते. लिनक्सवरची 'जागा शिल्लक नाही' ही २८ क्रमांकाची एरर घ्या. ती डिस्क भरल्यावर येते, तशी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपल्यावरही येते. तेव्हा 'डीएफ' (मोकळी जागा दाखवणारी कमांड) भरपूर जागा मोकळी दाखवतं आणि माणूस चक्रावतो. 'डीएफ -आय' (तीच कमांड, पण आयनोड मोजणारी) चालवल्यावर उलगडा होतो. म्हणून कोणत्या डिस्कवर अडलं ते कळायला लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींमध्ये) फाइलचा पूर्ण पाथ हवाच. वापरणाऱ्याला यातलं अक्षरही नको.

सुरक्षितता: स्क्रीनवर स्टॅक ट्रेस (प्रोग्रॅम कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर अडला याची यादी) दाखवणं म्हणजे चोराला घराचा नकाशा देणं. लॉगिनला 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा' हे मोघम वाक्यच बरं. नेमकं काय चुकलं ते लॉगमध्ये (पासवर्ड मात्र तिथेही नको!).

दोन मेसेज लिहायला मेहनत थोडी जास्त. दोन्हीकडे एकच संदर्भ क्रमांक टाका, फोनवर तेवढा विचारून लॉग सापडतो.

बँकेचं किंवा तिकिटांचं ॲप असेल तर दोन वेगळे मेसेज लिहा. रात्री चालणाऱ्या बॅकअप स्क्रिप्टला ॲडमिनचाच पुरे. छोट्या ऑफिसात वापरणाराच सर्व्हर सांभाळत असेल, तर वर साधं वाक्य आणि तपशील 'आणखी दाखवा'मध्ये.