नळ, मोरी आणि पावसाळी गटार: ग्विनेट कौंटीच्या पाणी खात्याचा पंधरा महिन्यांचा अनुभव

जुलै २०२४मध्ये आम्ही भाड्याचं अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात राहायला आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचं बिल माझ्या नावावर आलं. अपार्टमेंटमध्ये पाण्याचे पैसे भाड्यातच जायचे, त्यामुळे ते कुठून येतं आणि कुठे जातं याचा कधी विचारच केला नव्हता. आता पंधरा महिने झालेत, मोरी एकदा तुंबून झाली आहे, एक मोठं वादळ पाहून झालं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

घर जॉर्जियातल्या ग्विनेट कौंटीत, अटलांटाच्या ईशान्येला. पत्त्यात सुवानी लिहितो, पण जागा शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे सगळा व्यवहार थेट कौंटीशी. २०२०च्या जनगणनेत कौंटीची वस्ती साडेनऊ लाखांच्या थोडी वर होती. २०११च्या जनगणनेत सोलापूर शहराची साधारण तेवढीच होती. मी सोलापूरची, त्यामुळे हा आकडा लगेच डोक्यात बसला. एवढ्या माणसांना पाणी पाजायचं, त्यांचं सांडपाणी न्यायचं आणि पावसाचं पाणी वाटेला लावायचं, ही तिन्ही कामं इथे एकच खातं करतं. कौंटीतल्या काही शहरांनी यातली काही कामं स्वतःकडे ठेवली आहेत, म्हणून घर बघताना पत्त्यातलं गावाचं नाव बघून चालत नाही, हद्द विचारावी लागते.

आधी नळाचं पाणी. आमच्याकडे सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. रात्री दोनला गल्लीत कुणीतरी "पाणी आलं!" म्हणून ओरडायचं आणि सगळं घर उठायचं. प्यायला नळाचं, वापरायला बोअरचं. बोअरच्या पाण्यानं चहाच्या भांड्याला पांढरा थर बसायचा, तो आई चिंचेनं घासायची. इथल्या किटलीचा तळ पंधरा महिन्यांनीही मी आणली तसाच चकचकीत आहे. आमच्या नळाला येतं ते लेक लॅनियरचं पाणी मऊ आहे, त्यात क्षार कमी. दाब उत्तम. क्लोरीनचा वास कधी कधी येतो, उन्हाळ्यात जरा जास्त. माठात थोडा वेळ ठेवलं की जातो.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण पहिल्याच महिन्यात एका कंपनीचा माणूस दारात आला होता. त्यानं एका पेल्यात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं, आणि दोन्हीत विजेच्या कांड्या बुडवल्या. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी झालं, वर गढूळ फेस आला. बाटलीतलं स्वच्छच राहिलं. "हे तुम्ही मुलांना पाजताय," असं म्हणून त्यानं साडेचार हजार डॉलरच्या यंत्राचा कागद पुढे केला. नवरा सही करायच्या बेतात होता. मला बारावीचं विद्युत अपघटन आठवलं. बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी असतं, त्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहतच नाही. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, वीज वाहते आणि लोखंडाची कांडीच विरघळते. दिसतो तो त्या कांडीचाच गंज. नव्यानं घर घेतलेल्यांनी हा खेळ दारात झाला तर सरळ दार लावून घ्यावं. पाण्यात काय आहे ते खरंच बघायचं असेल, तर खात्याला कायद्यानं दर वर्षी १ जुलैपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो. तो वाचा. दहा मिनिटं लागतात.

लेक लॅनियर नाव तळ्याचं असलं तरी ते धरण आहे. चॅटाहूची नदीवर १९५०च्या दशकात ब्युफर्ड धरण बांधलं, त्याचा हा जलाशय. २००७च्या दुष्काळात तो पूर्ण पातळीच्या वीस फूट खाली गेला होता आणि राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर पावसासाठी सामुदायिक प्रार्थना केली होती. त्यातच खालच्या फ्लॉरिडा आणि अलाबामा राज्यांशी पाण्याचा वाद. २००९मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की हे धरण पिण्याच्या पाण्यासाठी मंजूरच नव्हतं. म्हणजे आमच्या नळाचं मूळच कायद्याबाहेर. २०११मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, आणि २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जॉर्जियाविरुद्धचा फ्लॉरिडाचा दावा फेटाळला. कृष्णा-भीमेच्या लवादांच्या बातम्या वाचत वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

या सगळ्यामुळे ग्विनेटनं जे केलं, ते मला या खात्याचं सर्वांत मोठं काम वाटतं. धरणातून जेवढं उचलतो, त्यातलं शक्य तेवढं स्वच्छ करून धरणातच परत सोडायचं. ब्युफर्डजवळ एफ. वेन हिल नावाचं केंद्र आहे. क्षमता रोज ६ कोटी गॅलन, आपल्या हिशेबात २२७ एमएलडी, म्हणजे रोज २२७ दशलक्ष लिटर. आमच्या घरातला मैला आणि मोरीचं पाणी तिथेच जातं. आधी जिवाणू त्यातली घाण खातात, मग गाळणं, मेम्ब्रेन म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, ओझोन, सक्रिय कोळसा. २०१०पासून हे पाणी नळानं लेक लॅनियरमध्ये सोडतात. ते सहज झालं नाही. तळ्याकाठच्या लोकांनी कोर्टात धाव घेतली, २००४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं परवाना रद्द केला, आणि नवा परवाना मिळाला तो अधिक कडक अटींवर. त्यात मुख्य भानगड फॉस्फरसची. फॉस्फरस जास्त झाला की तळ्यात शेवाळ माजतं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं हिरवं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते कसं दिसतं हे माहीत आहे. इथे तोच फॉस्फरस वेगळा काढून त्याचे दाणे करतात आणि खत म्हणून विकतात.

उजनी मुद्दामच काढली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत येतं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. लहानपणापासून हे वाक्य घराघरात ऐकलंय, रागानं म्हटलेलं. पुण्यात प्रक्रिया केंद्रं आहेत, पण सगळं पाणी त्यातून जात नाही, हे सोलापूरकर नाकानं ओळखतो. म्हणून वेन हिलबद्दल पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. इथेही तेच? मग त्यातल्या एकेका टप्प्याचं वाचत गेले आणि मन शांत झालं. आपलंच पाणी आपल्यालाच परत प्यायचं आहे हे इथे कुणी लपवत नाही, म्हणून ते मन लावून धुतलं जातं.

दिवाळीला आई आली होती. चकल्या, शेव, अनारसे, सगळं घरी. कढईतलं उरलेलं तेल तिनं सवयीनं सिंकमध्ये ओतलं आणि वरून गरम पाणी सोडलं. मी समोर होते, बोलले नाही. असं मीही वर्षानुवर्षं केलं होतं. चौथ्या दिवशी तळघरातल्या न्हाणीघराच्या जाळीतून काळपट पाणी वर आलं. प्लंबरनं कॅमेरा आत सोडला, आम्ही तिघं त्या छोट्या पडद्यावर वाकून बघत होतो. पाइपच्या आत मेणासारखा पिवळट-पांढरा थर, मधे बोटभर वाट, आणि त्या वाटेत अडकलेला ओल्या पुसण्यांचा (वेट वाइप्सचा) बोळा. पुसण्या मुलांच्या, पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलेल्या. पाण्यात त्या विरघळत नाहीत हे त्या पडद्यावर दिसलं. तीनशे ऐंशी डॉलर गेले. घरातून निघून आपल्या जागेतून जाणारी पाइप मालकाची असते, कौंटीची नव्हे. हे घर घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ठळक सांगते.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. तेल इथून कुठे जातं, पाणी कुठे जातं, परत कुठून येतं.

"म्हणजे पुण्यासारखंच की," ती म्हणाली.

"पुण्यासारखंच. फक्त हे धुऊन सोडतात."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग धुणाऱ्याला एवढा त्रास कशाला द्यायचा?" दुसऱ्या दिवसापासून तिनं कढई आधी जुन्या कागदानं पुसायला सुरुवात केली आणि गार झालेलं तेल कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवायची. तो डबा सिंकशेजारी अजून आहे. हॉटेलांचं तेल-चरबी मात्र वेन हिलला कामाला येते. टँकरनं आणून ती गाळाबरोबर कुजवतात आणि त्या वायूवर वीज करतात.

गळतीचं थोडक्यात. मार्चचं बिल दुप्पट आलं. सगळे नळ बंद करून अंगणातल्या मीटरचं झाकण उघडलं, तर तबकडीवरचा लहानसा त्रिकोण फिरतच होता. संडासच्या टाकीत खायचा लाल रंग टाकला, अर्ध्या तासात भांड्यात उतरला. आतलं रबर झिजलं होतं, आठ डॉलरमध्ये काम झालं. सांडपाण्याचे पैसेही पाण्याच्या मीटरवरच लागतात, त्यामुळे एक गळती बिलात दोनदा दिसते.

आता पावसाचं पाणी, ज्याबद्दल इथल्या मराठी मंडळींत सर्वांत कमी बोललं जातं. त्याचं बिल पाण्याबरोबर येत नाही, घरपट्टीत येतं. हिशेब असा की छप्पर, ड्राइव्हवे, जिथून पाणी जमिनीत मुरत नाही अशी जेवढी जागा, तेवढी पट्टी. आमच्या बिलात दर १०० चौरस फुटांना वर्षाला २.४६ डॉलर होता. आमची अशी जागा साधारण ३,२०० चौरस फूट, म्हणजे ७९ डॉलरच्या आसपास. ही पद्धत मला मनापासून पटते. ज्यानं जमीन झाकली त्यानं पाणी वाहून न्यायचा खर्च उचलावा. ओळखीच्या काहींना हा "पावसावरचा कर" वाटतो. त्यांनी एकदा २६ सप्टेंबर २०२४ची रात्र आठवावी. हेलीन वादळाच्या त्या पावसात अटलांटात ४८ तासांत ११.१२ इंच पाणी पडलं, शहराच्या नोंदीतला विक्रम. आमच्या घरामागून ओढ्याकडे जाणारा एक उतार आहे, त्यावरून पावसाचं पाणी वाहू द्यायचा हक्क कौंटीचा, गवत कापायचं आम्ही, आणि तिथे शेडसुद्धा बांधता येत नाही. घर घेताना याच गोष्टीवर मी नाराज होते. त्या रात्री टॉर्च घेऊन खिडकीतून बघत होते, तर तो उतार गुडघाभर लाल पाण्यानं भरून वाहत होता आणि घराच्या पायापासून दहा फूट लांब होता. तिथे शेड असती तर ते पाणी कुठे वळलं असतं, हे स्पष्ट दिसत होतं.

पण याच पाण्यात माझी सर्वांत मोठी तक्रारही आहे, आणि ती खात्यापेक्षा आम्हा रहिवाशांबद्दल आहे. रस्त्याकडेच्या जाळीत गेलेलं पाणी वेन हिलला जात नाही. ते कुठेही साफ न होता सरळ ओढ्यात जातं. आमच्याकडचं सुवानी क्रीकमध्ये, तिथून धरणाच्या खाली चॅटाहूचीत, आणि पुढे त्याच नदीतून अटलांटा शहर पाणी उचलतं. वेन हिलमधल्या ओझोन-कोळशानं मी निर्धास्त झाले होते, आणि हे कळलं तेव्हा बराच वेळ त्या जाळीकडे बघत उभी राहिले. सोलापुरात आम्ही खालच्या अंगाला होतो. इथे आम्ही वरच्या अंगाला आहोत. आमच्या रस्त्यावर दर शनिवारी कुणीतरी गाडी धुतं, साबणाचा फेस जाळीत जातो. हिरवळीवर खत आणि तणनाशक मारतात, दुसऱ्या दिवशी पाऊस येतो. गेल्या वर्षी गणपतीची रंगवलेली मूर्ती अंगणात बादलीत विसर्जित करून ते पाणी ड्राइव्हवेवर ओतणारी मीच होते. यंदा न रंगवलेली शाडूची आणली आणि पाणी झाडांना घातलं. शेजारच्या आजोबांना गाडी गवतावर लावून धुवायला सुचवलं, त्यांनी लगेच ऐकलं. पलीकडच्या दोन घरांनी अजून ऐकलेलं नाही. मी पुन्हा सांगणार आहे.

घर बघत असाल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: मैला कौंटीच्या वाहिनीला जोडलाय की सेप्टिक टाकी आहे? या भागात अजून बरीच घरं टाकीवर आहेत. विकणारा आपण होऊन सांगेलच असं नाही, आणि टाकी उपसायचा, दुरुस्त करायचा सगळा भार घरमालकावर येतो.

गेल्या आठवड्यात छपराच्या पन्हळीखाली लावायला ५५ गॅलनचं पिंप मागवलं. ते दारात उतरवलं तेव्हा आई व्हिडिओ कॉलवर होती. दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप, सोलापुरात मोरीत असायचं अगदी तसंच. ती म्हणाली, "झाकण घट्ट बसतंय का बघ, नाहीतर डास होतील." झाकण सैल होतं. जुन्या साडीचं कापड ताणून दोरीनं बांधलंय, आणि आता पावसाची वाट बघतेय.