गिअरबॉक्स उतरवण्याआधी: सर्व्हिस सेंटर, स्पेशालिस्ट की कोपऱ्यावरचा मिस्त्री?

"गिअर नीट पडत नाही" एवढं ऐकून लगेच "बॉक्स उतरवावा लागेल" म्हणणारे संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत सगळीकडं आहेत. गाडीची एक चक्कर न मारता असं सांगणाऱ्याकडं चावी देऊ नका. जाणत्याला दहा मिनिटं पुरतात.

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, क्लच सोडलेला. घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते? मग बहुतेक इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलेलं असतं आणि बॉक्स उघडावाच लागतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. त्यासाठी बॉक्स खाली घ्यावा लागतो, पण खोलावा लागत नाही. मजुरीतला मोठा फरक इथंच पडतो, आणि गिऱ्हाईक फसतं तेही इथंच.

सगळेच गिअर जड, रिव्हर्सला कर्र आवाज, पण इंजिन बंद केलं की सगळे अलगद पडतात: क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबल, नाहीतर (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर) क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर बघायचे. एकच गिअर, समजा दुसरा, घासत असेल तर त्याची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी रिंग, झिजलेली असते. कन्नडच्या घाटात चौथ्यात आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलीय. बॉक्सचा त्यात काही दोष नाही.

मॅन्युअल गाडीला स्पेशालिस्ट सगळ्यात बरा. तो बेअरिंग, सिंक्रो, सील सुटं बदलतो. सर्व्हिस सेंटरचा कल मात्र अख्खी असेंब्ली बदलण्याकडं असतो. बॉक्स खाली असतानाच फ्लायव्हील आणि क्रँकचं मागचं सील बघून घ्या म्हणावं, नाहीतर महिनाभरात तीच मजुरी पुन्हा. काढलेलं ऑइलही समोर बघावं. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा चालतो, चमकणारे तुकडे दिसले तर गिअरचे दात गेलेत. पितळी कण म्हणजे सिंक्रो झिजलाय. नवं ऑइल गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच हवं. जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) च्या जागी हाताला लागलं म्हणून जीएल-५ ओतलं तर त्यातली रसायनं पितळी रिंगा खाऊ शकतात. लहान गाडीच्या बॉक्सला साधारण दोन लिटर पुरतं. बिलात चार दिसले तर विचारा.

एएमटी, सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच असा ऑटोमॅटिक बॉक्स असेल तर पैसे जास्त गेले तरी सर्व्हिस सेंटरच गाठा. एएमटीचा क्लच बदलल्यावर स्कॅनरनं क्लच लर्निंग (गाडीच्या कंट्रोलरला नव्या क्लचची ओळख करून देणं) करावं लागतं, ते राहिलं की नवा क्लचही झटके देतो. बेल्टवर चालणाऱ्या सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक बॉक्सचं नेहमीचं ऑइल) गेलं तर बेल्ट घसरून बॉक्स खराब होतो. आणि स्कॅनरवर पी०७०० हा बिघाडाचा कोड दिसला म्हणून कुणी घाबरवलं तर शांतपणे दुसरा कोड विचारावा: पी०७०० एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरनं काहीतरी तक्रार नोंदवलीय.

कोपऱ्यावरचा मिस्त्री केबल ॲडजस्ट करायला, अ‍ॅक्सलचं सील बदलायला झकास. धुळीत, पत्र्याच्या शेडखाली बॉक्स मात्र उघडू देऊ नये.

कुणाकडंही गेलात तरी आधी कागदावर एक आकडा घ्या: बॉक्स उतरवून उघडला, खर्च ऐकून आपण नको म्हणालो, तर परत बसवून देण्याची मजुरी किती.