रिपोर्टची खरी वेळ सांगणारी लॅब

या लॅबमध्ये काउंटरच्या मागे भिंतीवर एक तक्ता लावलाय. तपासणीचं नाव, सॅम्पल किती वाजेपर्यंत द्यायचं, रिपोर्ट कधी मिळणार आणि शेवटच्या रकान्यात ‘इथेच’ किंवा ‘पुण्याला’. साताऱ्यात आम्ही बऱ्याच लॅब पालथ्या घातल्या, पण असा तक्ता मी दुसरीकडे पाहिला नाही. मी पाच तारे देतेय ते या तक्त्यासाठी, आणि त्यावर लिहिलेली वेळ इथे पाळली जाते म्हणून.

आमच्या घरी रक्त तपासणी हा किराणासारखाच महिन्याचा ठरलेला खर्च आहे. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आप्पांना, शुगर आहे. शिवाय हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ होण्याची गोळी, वॉर्फरिन, चालू आहे. त्यामुळे पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, चुकवून चालत नाही. सासूबाईंचं थायरॉइड. मग माझं हिमोग्लोबिन. या सगळ्याचे रिपोर्ट वेगवेगळ्या वेळी का येतात, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. एकाच हातातून, एकाच सुईने रक्त काढतात, मग सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, अकरा वाजता आणि बाकीचं संध्याकाळी का?

ते मला इथल्या टेक्निशियन ताईंनी नळ्या दाखवून समजावलं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं. ती नळी हलवून सरळ मशीनला लावता येते आणि पेशींची मोजणी मिनिटाभरात होते. पिवळ्या किंवा लाल टोपणाच्या नळीतलं रक्त मात्र आधी पूर्ण गोठावं लागतं. त्याला साधारण अर्धा तास. मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा-पंधरा मिनिटं फिरवून वरचं सीरम वेगळं करायचं आणि त्यावर लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल तपासायचं. घाईने अर्धवट गोठलेलं रक्त फिरवलं तर सीरममध्ये गुठळ्यांचे धागे राहतात आणि आकडे बिघडतात. शुगरची नळी राखाडी टोपणाची, कारण नळीत गेल्यावरही रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात, आणि या नळीत ते रोखणारं औषध असतं. साध्या नळीत सॅम्पल तासन्‌तास पडून राहिलं तर शुगर खोटीच कमी दिसते. ईएसआरमध्ये तर उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसल्या हेच मोजायचं असतं, तो तास कोणीच वाचवू शकत नाही.

त्याशिवाय सकाळी पहिलं सॅम्पल लावण्याआधी मशीनवर कंट्रोल चालवतात. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा द्रव. मशीनने तो बरोबर सांगितला तरच पुढचं काम. एकदा सकाळी काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांना सांगितलं, “कंट्रोल बसला नाहीये, बायोकेमिस्ट्री आज उशिरा मिळेल.” म्हणजे लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल वगैरे. दोघे-तिघे चिडून निघून गेले. मला मात्र त्या मुलीचं कौतुक वाटलं. मशीन चुकीचं सांगतंय हे कळूनही रिपोर्ट छापून देणं सोपं होतं, आणि आमच्यापैकी कोणाला ते कळलंही नसतं.

आता मुख्य गोष्ट, आप्पांच्या लघवीच्या कल्चरची, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची.

गेल्या पावसाळ्यात आप्पांना थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ व्हायला लागली. डॉक्टरांनी लघवीची साधी (रुटीन) तपासणी आणि कल्चर दोन्ही लिहून दिलं. तेव्हा आम्ही घराजवळच्या एका कलेक्शन सेंटरला सॅम्पल दिलं. तिथला मुलगा म्हणाला, “काका, उद्या रिपोर्ट.” सकाळी दिलेली डबी दुपारपर्यंत तिथे टेबलावरच होती, पंख्याखाली. लघवीचं सॅम्पल दोन तासांत लावावं लागतं, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, कारण बाहेर राहिलं की त्यात पडलेले इकडचे-तिकडचे जंतूही वाढत बसतात. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आलाच नाही. नंतर आला त्यात लिहिलेलं, अनेक प्रकारचे जंतू आढळले, सॅम्पल पुन्हा पाठवा. तोवर आप्पा तापाने अगदी गळून गेले होते. म्हाताऱ्या माणसाचे असे दिवस फुकट जाणं काय असतं, ते घरात आजारी माणूस असलेल्यालाच कळेल. मला त्याचा राग आजही आहे.

मग या लॅबमध्ये आलो. इथे काउंटरवर सांगितलं, “उद्या संध्याकाळपर्यंत जंतू वाढला की नाही ते फोनवर कळवू. कुठलं औषध लागू पडेल हे परवा संध्याकाळी. त्याआधी नाही.” माझे दीर पुण्याहून फोनवर सारखे विचारत होते, जास्त पैसे भरून अर्जंट होत नाही का? तेव्हा पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि मला आत नेऊन प्लेट दाखवली. एका बारीक तारेच्या कडीने लघवीचा हजारांश मिलिलिटर थेंब त्या प्लेटवर फिरवतात आणि प्लेट ३५ ते ३७ अंशांच्या पेटीत ठेवतात. लघवीत नेहमी सापडणारा ई. कोलाय जंतू सगळं मनासारखं असलं तर साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. तरी डोळ्यांना ठिपका दिसायला लाखो जंतू एका जागी जमावे लागतात, त्याला १८ ते २४ तास जातात. ठिपके मोजून मिलिलिटरला एक लाखाच्या वर जंतू निघाले तर सहसा खरा संसर्ग मानतात.

तिथे अर्धंच काम होतं. त्या ठिपक्यातला जंतू उचलून दुसऱ्या प्लेटवर पसरायचा, त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या गोल चकत्या ठेवायच्या आणि पुन्हा १६ ते १८ तास पेटीत. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाही, स्वच्छ गोल रिंगण राहतं. ते रिंगण पट्टीने मोजून जंतू ‘सेन्सिटिव्ह’ (औषध लागू पडतं) की ‘रेझिस्टंट’ (लागू पडत नाही) ते ठरतं. मॅडम म्हणाल्या, “मी पैसे घेऊन जंतूला लवकर वाढायला सांगू शकत नाही. मी फक्त माझ्याकडून उशीर होऊ देणार नाही.” हे वाक्य मी दिरांना जसंच्या तसं ऐकवलं. पुन्हा त्यांचा फोन आला तो फक्त आप्पांची तब्येत विचारायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरोखर फोन आला. ई. कोलाय वाढला होता. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये कळलं, की आप्पांना तोवर जी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू होती तिलाच हा जंतू दाद देत नव्हता. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि ताप उतरला. म्हणून मी कल्चरच्या दोन दिवसांना उशीर म्हणत नाही. अंदाजाने दिलेली गोळी आणि मोजून दिलेली गोळी यांतला फरक मी घरात पाहिलाय.

अँटिबायोटिक बदललं की वॉर्फरिनचा परिणाम वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आयएनआर लवकर करायला सांगितला. घरी येऊन रक्त घेतलं, पण निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली नव्हती. या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, हे प्रमाण ठरलेलं असतं. रक्त कमी पडलं तर आयएनआर खोटाच जास्त येतो. लॅबने ते सॅम्पल नाकारलं आणि तासाभरात दुसरा माणूस पाठवला, वेगळे पैसे न घेता. आप्पा कुरकुरले, पुन्हा सुई कशाला म्हणून. पण दुसऱ्या सॅम्पलचा आकडा पाचच्या वर निघाला, आणि आप्पांचा असायला हवा दोन ते तीनच्या मध्ये. रिपोर्टची पीडीएफ यायच्या आधी मॅडमनी आमच्या डॉक्टरांना आणि मला फोन केला. त्या रात्रीची गोळी थांबवली. नाकातून-हिरड्यांतून रक्त येण्याची वाट बघावी लागली नाही. त्यांच्याकडे अशा धोक्याच्या आकड्यांची यादीच आहे, पोटॅशियम, शुगर, प्लेटलेट, आयएनआर. त्यातला आकडा निघाला की आधी खात्री, मग फोन, रिपोर्ट नंतर.

‘पुण्याला’ जाणाऱ्या तपासण्यांबद्दल. व्हिटॅमिन डी, बी-१२, बायोप्सी (शरीरातला तुकडा काढून तपासणं) आणि काही हॉर्मोन्स इथे होत नाहीत. संध्याकाळी सॅम्पल बर्फाच्या पेटीत घेऊन गाडी पुण्याला जाते. तिथेही अशा तपासण्या एकेक सॅम्पल घेऊन करत नाहीत, पुरेशी सॅम्पल जमली की एकत्र लावतात. हे सगळं इथे आधी सांगतात, आणि रिपोर्टवर तपासणी कुठे झाली तेही छापतात.

सासूबाईंच्या मानेवरच्या गाठीची बायोप्सी याच लॅबमधून गेली. त्या रिपोर्टची वाट बघणं सगळ्यात जड. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आतपर्यंत पक्का व्हायला साधारण एक दिवस, मग रात्रभर अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून मेणात बसवणं, मग तीन-चार मायक्रॉनचे काप, रंग देणं, आणि शेवटी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. मध्ये फोन आला की पुण्याच्या डॉक्टरांना आणखी खोलवरचे काप बघायचेत, दोन दिवस वाढतील. त्या फोनने माझे हातपाय गार पडले होते. मॅडमनी मला बसवून सांगितलं, जादा काप मागितले म्हणजे वाईट निघालं असं नव्हे, त्यांना खात्री करूनच सही करायचीय. गाठ साधी निघाली. पण वाईट निघाली असती तरी त्या दोन दिवसांबद्दल माझं मत हेच राहिलं असतं.

कमतरताही लिहायला हव्यात. लॅब पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात. सकाळी आठ ते नऊ उपाशीपोटी आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत असते, त्यात शुगरवाल्या म्हाताऱ्यांना आधी घ्यायला हवं, तशी काही सोय नाही. मी दोनदा सुचवलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पीडीएफमधली अक्षरं इतकी बारीक की आप्पांना वाचता येत नाहीत, छापील प्रत मागून घ्या. दर शेजारच्या लॅबपेक्षा थोडे जास्त आहेत.

कल्चरला जाणार असाल तर निर्जंतुक डबी आदल्या दिवशीच लॅबमधून आणून ठेवा, फुकट देतात. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी सॅम्पल द्या, सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, आणि लगेच निघणं जमत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. पुण्याची गाडी पाच वाजता निघते. शनिवारी त्यानंतर दिलेलं सॅम्पल सोमवारीच जातं, त्यामुळे व्हिटॅमिन किंवा हॉर्मोन्स करायची असतील तर शुक्रवारी सकाळी जा.